राखाडी रकान्यांचे शास्त्र

आभासी सर्व्हर म्हणजे मुळात नसलेला, तरीही ऐन वेळी बंद पडू शकणारा संगणक, अशी व्याख्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळत नाही. मात्र ज्यांच्या महिन्याचा हिशेब अशा सर्व्हरवर चालतो त्यांना ती पाठ्यपुस्तकातील व्याख्येपेक्षा अधिक पटण्याजोगी आहे. शास्त्रीय व्याख्या जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या दोन अमेरिकी संशोधकांनी १९७४ साली मांडली. तिचा आशय असा की, खऱ्या यंत्राची कार्यक्षम आणि इतरांपासून अलग ठेवलेली प्रतिकृती म्हणजे आभासी यंत्र, आणि अशा प्रतिकृती चालवून त्यांच्यावर देखरेख ठेवणारी जी आज्ञावली, तिच्या हाती साधनसामग्रीचा पूर्ण ताबा असला पाहिजे. या आज्ञावलीला हायपरवायझर म्हणतात. एकाच लोखंडी पेटीत, एकाच रॅमवर आणि त्याच डिस्कवर चार-पाच स्वतंत्र संगणक नांदत असल्याचा आभास ती निर्माण करते, आणि त्यांतील प्रत्येकाला ही सारी पेटी आपल्या एकट्याच्याच मालकीची आहे असे वाटत राहते. ताबा कोणाकडे असावा हा प्रश्न पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी यंत्रापुरता निकालात काढला. कार्यालयापुरता तो अद्याप प्रलंबित आहे.

ही कल्पना अलीकडची नव्हे. आयबीएम कंपनीच्या मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथील केंद्रात १९६०च्या दशकातच एका महागड्या यंत्राचे आभासी वाटे पाडून ते वापरणाऱ्यांना देण्याचा प्रयोग झाला, आणि १९७२ साली व्हीएम/३७० या नावाने ती प्रणाली बाजारात आली. पुढे संगणक स्वस्त झाले, प्रत्येक कामाला वेगळी पेटी घेणे परवडू लागले, आणि त्या पेट्या दिवसाचा बहुतेक वेळ काही न करता नुसती वीज खात आहेत हे ध्यानात येईपर्यंत शतक संपत आले. १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने २००१ मध्ये सामान्य बनावटीच्या सर्व्हरवर चालणारा हायपरवायझर आणला, २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच त्यासाठी सोय करून दिली, आणि २००८ साली मायक्रोसॉफ्टने हायपर-व्ही हा आपला हायपरवायझर विंडोज सर्व्हरबरोबरच देऊ केला. लहान कार्यालयांच्या दृष्टीने यांतील शेवटचा टप्पाच काय तो ऐतिहासिक ठरला, कारण "हे त्याच्यासोबतच येतं, वेगळे पैसे नाहीत" या वाक्यापुढे मराठवाड्यातील कोणताही मालक फार काळ तग धरू शकत नाही. विंडोज सर्व्हरच्या स्टँडर्ड आवृत्तीचा एक परवाना दोन आभासी यंत्रे चालवण्याची मुभा देतो. तिसरे आणि चौथे यंत्र कशाच्या आधारावर चालते, हा प्रश्न सभ्य माणसे एकमेकांना विचारत नाहीत.

छत्रपती संभाजीनगरातील उस्मानपुरा हा भाग या विषयाच्या अभ्यासास विशेष अनुकूल आहे. क्रांती चौकाकडून रेल्वे स्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आसपास १९६० साली सुरू झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, शासकीय तंत्रनिकेतन आणि देवगिरी महाविद्यालय या संस्था आहेत, संत एकनाथ रंगमंदिर आहे, आणि उरलेल्या जागेत दवाखाने, पॅथॉलॉजी लॅब, शिकवण्या, कर सल्लागार व सनदी लेखापाल यांच्या पाट्या एकीवर एक लागलेल्या आहेत. परिणामी सर्व्हरवर अवलंबून असणारी, सर्व्हर दुरुस्त करू शकणारी आणि सर्व्हर बिघडवू शकणारी अशी तिन्ही प्रकारची माणसे येथे हाकेच्या अंतरावर मिळतात. यांतील दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांत नेहमीच भेद करता येतो असे मात्र नाही.

कर सल्लागाराचे एखादे नमुनेदार कार्यालय विचारात घ्यावे. तेथे सर्व्हरची पेटी जुन्या व्हाउचरच्या गठ्ठ्यांशेजारी, जिन्याखालच्या जागेत असते, आणि तिच्यात चार आभासी यंत्रे राहतात. पहिले यंत्र कोणत्या कर्मचाऱ्याला आत घ्यावे आणि कोणाला नाही हे ठरवते. दुसऱ्यावर टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर चालते. तिसऱ्यात अशिलांच्या कागदपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती असतात. आणि चौथे यंत्र विंडोज ७ चे असते. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ ला दिलेला आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, पण त्या यंत्रावर एक जुने सॉफ्टवेअर आहे, ते लिहून देणाऱ्याचा फोन आता लागत नाही, आणि त्याच्यातली माहिती वर्षातून एकदा तरी कोणाला तरी लागते, म्हणून ते यंत्र राखून ठेवलेले आहे. या चारही यंत्रांची काळजी घेणारा जो इसम, त्याला परिसरात 'सर्व्हरवाला' म्हणतात. तो सहसा तंत्रनिकेतनातून पदविका घेतलेला तरुण असतो, दुचाकीवरून फिरतो, आणि असली दहा-बारा कार्यालये सांभाळतो, त्यामुळे तो नेहमी दुसऱ्याच एखाद्या कार्यालयात असतो.

सर्व्हरवाल्याचे मुख्य साधन म्हणजे व्यवस्थापनाचा कन्सोल, अर्थात एका पडद्यावरून सर्व आभासी यंत्रांची स्थिती पाहण्याची आणि ती बदलण्याची सोय. हायपर-व्हीच्या कन्सोलचे तीन उभे भाग असतात. डावीकडे खऱ्या सर्व्हरचे नाव दिसते, मधल्या भागात त्याच्यातील आभासी यंत्रांची यादी, आणि उजवीकडे निवडलेल्या यंत्राच्या बाबतीत करता येण्याजोग्या कृतींची माळ. मधल्या यादीत यंत्राचे नाव, ते चालू आहे की बंद, त्याच्याकडून प्रोसेसरचा किती टक्के वापर होतो, त्याला किती रॅम दिली आहे आणि ते किती दिवस अखंड चालू आहे, हे रकाने असतात. शेवटच्या रकान्यातील आकडा मोठा असणे ही प्रतिष्ठेची बाब मानली जाते. वस्तुतः त्याचा अर्थ एवढाच असतो की तितके दिवस कोणीही सुरक्षेसाठी आलेले अपडेट लागू केलेले नाहीत.

या कन्सोलवर दोन प्रकारचे व्यवहार होतात, एक पाहण्याचा आणि दुसरा बदलण्याचा, आणि त्यांतील पहिल्याचे प्रमाण इतके जास्त आहे की त्याला स्वतंत्र व्यवसायाचा दर्जा द्यावयास हरकत नाही. कार्यालयातून "सर्व्हर स्लो झालाय" अशी तक्रार जाते, सर्व्हरवाला "बघतो" म्हणतो, येतो, कन्सोल उघडतो आणि खरोखरच बघतो. टॅलीच्या यंत्रासमोर प्रोसेसरचा वापर ३ टक्के दिसतो. तो आकडा तो मालकाला दाखवतो, मालक तो गांभीर्याने पाहतो, आणि सर्व्हर स्लो असू शकत नाही हे उभयपक्षी मान्य होते. मग सर्व्हरवाला यंत्रावर उजवी टिचकी मारून सेटिंगची खिडकी उघडतो, डावीकडच्या यादीतील स्मृती, प्रोसेसर, डिस्क, नेटवर्क या नोंदींवरून सावकाश खाली उतरतो, प्रत्येक ठिकाणी क्षणभर थांबतो आणि शेवटी 'रद्द करा' हे बटण दाबून ती बंद करतो. या दर्शनानंतर टॅली थोडी वेगाने चालू लागल्याचे हिशेबनिसांचे म्हणणे असते. बदल न करता केवळ पाहण्याने आलेल्या या सुधारणेचे स्पष्टीकरण शास्त्राला देता आलेले नसले, तरी भेटीचे शुल्क दिले जाते.

बदल करावयाचा झाल्यास परिस्थिती एकदम पालटते. यंत्र चालू असताना सेटिंगची खिडकी उघडली की तिच्यातील बरेचसे रकाने राखाडी दिसतात, म्हणजेच त्यांतील मजकूर वाचता येतो पण त्याला हात लावता येत नाही, आणि हे यंत्र चालू असल्यामुळे काही सेटिंग बदलता येणार नाहीत अशी सूचनाही तेथे असते. प्रोसेसरची संख्या दोनाची चार करावयाची असेल तर यंत्र बंद करावे लागते. रॅम गरजेनुसार कमी-जास्त होऊ द्यावी की ठराविकच ठेवावी, हा पर्याय बदलण्यासाठीही यंत्र बंद करावे लागते. अलीकडच्या आवृत्त्यांत ठराविक रॅमचा आकडा चालू यंत्रावरही वाढवता येतो हे खरे, पण ही सवलत आतील कार्यप्रणालीही तितकीच नवी असेल तरच मिळते, आणि विंडोज ७ च्या वाट्याला ती येत नाही. यंत्र पहिल्या पिढीचे असावे की दुसऱ्या, हा निर्णय तर ते निर्माण करतेवेळी एकदाच घ्यावयाचा असतो आणि नंतर तो बदलता येत नाही. लग्नपत्रिका छापून आल्यानंतरही एवढी अपरिवर्तनीयता आढळत नाही.

या साऱ्यांत तर्कदृष्ट्या सर्वात मनोरंजक नोंद म्हणजे 'आपोआप थांबताना करावयाची कृती'. खरा सर्व्हर बंद होत असेल तेव्हा त्याच्यातील आभासी यंत्राचे काय करावे, हे येथे ठरवावयाचे असते. त्यासाठी तीन पर्याय आहेत : आहे त्या स्थितीत गोठवून ठेवावे, एकदम तोडावे किंवा आतील कार्यप्रणालीला रीतसर निरोप घेऊ द्यावा. परंतु ही नोंदही यंत्र चालू असताना राखाडीच असते. म्हणजे बंद होताना कसे बंद व्हावे हे यंत्राला सांगण्यासाठी त्याला आधी बंद करावे लागते. मृत्युपत्र करण्याची अशी पद्धत मानवी समाजात असती तर वकिलांचा मोठा वर्ग बेकार झाला असता.

एखादे यंत्र दहा मिनिटे बंद ठेवणे ही तांत्रिक दृष्ट्या किरकोळ गोष्ट आहे. सामाजिक दृष्ट्या ती जवळजवळ अशक्य आहे. कर सल्लागाराच्या कार्यालयाचे पंचांग पाहावे. ७ तारखेला कापलेला टीडीएस भरावयाचा असतो. ११ तारखेस जीएसटीचे विक्रीचे विवरण असते, १५ तारखेला भविष्यनिर्वाह निधी, आणि जून, सप्टेंबर, डिसेंबर व मार्च या महिन्यांत त्याच तारखेला आगाऊ आयकराचा हप्ताही. २० तारखेस जीएसटीचे मासिक विवरणपत्र जाते, आणि तिमाही विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २२ तारीख असते. महिनाअखेर व्यवसाय कराची. पगारदारांच्या विवरणपत्रांची ३१ जुलै आणि लेखापरीक्षण अहवालांची ३० सप्टेंबर या तिथी तर मोठ्या पर्वणीच्या. या तारखांच्या आधीचे दोन दिवस धावपळीचे आणि नंतरचा एक दिवस थकव्याचा असे धरले, तर सर्व्हर बंद ठेवण्यास योग्य असे दिवस महिन्यात मोजकेच उरतात, आणि नेमका त्या दिवसांत सर्व्हरवाला गावी गेलेला असतो. सरकारने मुदतवाढ दिल्यास मोकळीक मिळेल असे तर्कशास्त्र सांगते; पण मुदतवाढीची बातमी येते ती अखेरच्या दिवशी, आणि तोवर थांबलेले सगळे अशील त्या बातमीनंतर आपापली कागदपत्रे पिशवीत घालून कार्यालयात येऊ लागतात.

खंडेनवमीस तरी ही संधी मिळावी अशी अपेक्षा बाळगणे स्वाभाविक आहे, कारण त्या दिवशी हत्यारे आणि यंत्रे यांची पूजा करण्याची परंपरा आहे, आणि सर्व्हरच्या पेटीलाही हळदकुंकू लागते व झेंडूची माळ चढते. परंतु पूजा चालू यंत्राचीच व्हावी असा बहुतेक मालकांचा आग्रह असतो, कारण दिवा लागलेला दिसला पाहिजे. आतील चार यंत्रांपैकी एकाच्याही कपाळाला टिळा लागत नाही, कारण त्यांना कपाळ नसते. कुंकवाचा काही अंश मात्र पंख्याच्या जाळीतून आत जातो आणि चौघांनाही समान पोहोचतो.

अखेर एखाद्या शनिवारी सायंकाळी मुहूर्त लागतो. "टॅलीतून सगळ्यांनी बाहेर पडा हो, पाच मिनिटं!" अशी हाक दिली जाते. सगळे बाहेर पडतात, पण टॅलीच्या यंत्रात एक जण अद्याप आत असल्याचे दिसते. तो कोण याचा शोध सुरू होतो, आणि तपासाअंती असे निष्पन्न होते की तो सकाळीच चहाला गेलेला आहे व त्याच्या पडद्यावर अर्धवट भरलेले व्हाउचर तसेच उघडे आहे. ते मिटवायचे कसे यावर चर्चा होते. ते मिटवल्यास जबाबदारी कोणाची यावर अधिक चर्चा होते. या अवकाशात पाच मिनिटांची पंचेचाळीस झालेली असतात.

आता कन्सोलच्या उजव्या भागातील कृतींची माळ कामी येते, आणि येथे तिच्या रचनाकारांच्या स्वभावाविषयी काही बोलणे भाग आहे. या माळेत 'बंद करा' अशा अर्थाच्या दोन कृती एकाखाली एक दिलेल्या असतात. खालची कृती आतील कार्यप्रणालीला कळवते की आता आवरते घ्यावे, आणि ती सर्व फायली मिटवून, शिल्लक लेखन डिस्कवर उतरवून मगच थांबते. वरची कृती वीज तोडल्यासारखे यंत्र जागच्या जागी संपवते, आणि त्या क्षणी लिहिल्या जात असलेल्या हिशेबाचे काय झाले हे दुसऱ्या दिवशी कळते. दोन्हींच्या नावांत फरक थोडका आहे, परिणामांत फार आहे, आणि घातक कृती सुरक्षित कृतीच्या वर ठेवण्यामागे काय हेतू असावा याचा उलगडा होत नाही. दोन्ही कृती खात्री करून घेण्यासाठी पुन्हा विचारतात हे खरे. पण पंचेचाळीस मिनिटे ताटकळलेला माणूस कोणत्याही प्रश्नाला 'हो' म्हणण्याच्या मनःस्थितीत असतो.

यंत्र बंद झाले, राखाडी रकाने पांढरे झाले, आणि आता रॅम वाढवावयाची आहे. येथे साधनसंपत्तीच्या वाटपाचा प्रश्न उभा राहतो. खऱ्या सर्व्हरमध्ये समजा ३२ जीबी रॅम आहे, तर रॅम गरजेनुसार कमी-जास्त करणाऱ्या, हायपर-व्हीतील 'गतिमान स्मृती' या सोयीमुळे चारही यंत्रांना प्रत्येकी १६ जीबीची कमाल मर्यादा लिहून देता येते. बेरीज ६४ झाली तरी कन्सोल आक्षेप घेत नाही, कारण सगळ्यांना एकाच वेळी कमाल रॅम लागणार नाही असे त्याने गृहीत धरलेले असते. या गृहीतकाची पारख करण्यास छत्रपती संभाजीनगरासारखे दुसरे शहर नाही. सतराव्या शतकात मलिक अंबरच्या काळात डोंगराकडचे पाणी नहर-ए-अंबरीच्या भूमिगत नळांतून शहरात आणून वाटले गेले. आज पाणी जायकवाडीहून येते, ते काही दिवसांच्या अंतराने येते, आणि येते त्या दिवशी 'सगळे एकाच वेळी नळ उघडणार नाहीत' असे मानणारा माणूस या शहरात नवखा समजला जातो. घरोघरी मोटारी लागतात, आणि ज्याची टाकी रिकामी आहे त्याच्याइतकाच ज्याची भरलेली आहे तोही पाणी ओढतो. २० तारखेला सर्व्हरमध्ये नेमके हेच घडते : टॅलीचे यंत्र रॅम मागते, त्याला पाहून स्कॅनच्या फायलींचे यंत्र मागते, आणि ज्याला कसलेही काम नाही असे विंडोज ७ चे यंत्र तर बंद करेपर्यंत आपल्या वाट्याची ठराविक रॅम धरूनच बसलेले असते. कन्सोलच्या तळाशी स्मृतीची स्थिती 'कमी' आणि मग 'इशारा' अशी बदलत जाते. प्रत्येक यंत्राला स्मृतीचे सापेक्ष महत्त्व ठरवून देण्याची सोय सेटिंगमध्ये आहे, आणि तिचा उपयोग करून टॅलीला प्राधान्य देता येते. तथापि कोणते यंत्र कमी महत्त्वाचे, हे लेखी स्वरूपात सांगण्यास कार्यालयातील कोणताही विभाग तयार होत नाही, म्हणून चौघांचेही महत्त्व समसमान राहते.

वीज गेल्यानंतरचा प्रसंगही याच जातीचा आहे. यूपीएसची बॅटरी संपेपर्यंत सर्व्हर तग धरतो, मग पडतो. वीज आल्यावर खरा सर्व्हर उठतो आणि आधी चालू असलेली आभासी यंत्रे आपोआप पुन्हा सुरू करतो. कोणत्या यंत्राने किती सेकंद थांबून उठावे हे सेटिंगमध्ये लिहिता येते, जेणेकरून ओळख पटवणारे यंत्र आधी जागे व्हावे आणि टॅलीने त्यानंतर यावे. तो आकडा सर्व ठिकाणी शून्यच असतो. त्यामुळे चारही यंत्रे एका क्षणी उठतात, एकाच डिस्कवर एकदम तुटून पडतात, आणि ओळख पटवणारा अद्याप झोपेत असल्यामुळे पहिली दहा मिनिटे कार्यालयातील कोणाही कर्मचाऱ्याची ओळख पटत नाही.

चेकपॉइंट ही सोय मात्र कन्सोलमधील सर्वात लोकप्रिय होय, कारण ती चालू यंत्रावर वापरता येते आणि तिच्यात माणसाला गतकाळात परत जाता येईल असे आश्वासन आहे. चेकपॉइंट घेतला की यंत्राची त्या क्षणीची अवस्था राखून ठेवली जाते, आणि पुढचे सर्व लेखन मूळ डिस्कऐवजी एका वेगळ्या फायलीत होऊ लागते. कोणताही बदल करण्यापूर्वी चेकपॉइंट घ्यावा व बदल यशस्वी झाल्यावर तो काढून टाकावा, असा नियम आहे. त्याच्या पूर्वार्धाचे पालन कसोशीने होते. उत्तरार्ध राहून जातो. ती वेगळी फाईल महिनोन्महिने फुगत राहते, एक दिवस खऱ्या सर्व्हरची डिस्क भरते, आणि त्या डिस्कवरील यंत्रे लेखनाला जागा न उरल्यामुळे जागीच गोठतात. याहून गंभीर समज असा की चेकपॉइंट म्हणजे बॅकअप. तो बॅकअप नव्हे. ती फाईल त्याच डिस्कवर असते आणि डिस्क गेली की तीही जाते. हे वाक्य दरवर्षी प्रत्येक कार्यालयात एकदा उच्चारले जाते, आणि ते नेहमी डिस्क गेल्यानंतर उच्चारले जाते.

नेटवर्कची सेटिंग दूरवरून बदलू नयेत, हा या क्षेत्रातील जुना संकेत आहे. सर्व्हरवाला रात्री सिडकोतील आपल्या घरून एनीडेस्कने उस्मानपुऱ्यातील सर्व्हरला जोडला जातो आणि आभासी यंत्रांना बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या आभासी स्विचमध्ये काहीसा बदल करू लागतो. कन्सोल त्याला बजावतो की या बदलामुळे नेटवर्कची जोडणी खंडित होऊ शकते. त्या सूचनेखालीच ती पुन्हा दाखवू नये असे सांगण्यासाठी एक चौकोन असतो, आणि अनुभवी माणसाने त्या चौकोनात पूर्वीच कधीतरी खूण केलेली असल्यामुळे त्याला ती सूचना दिसत नाही. ज्या जोडणीवरून तो बदल करत असतो तीच जोडणी त्या बदलाने तुटते, म्हणजे बसल्या फांदीवरच घाव पडतो, आणि पुढील कार्यवाही दुचाकीवरून जालना रस्त्याने करावी लागते. किल्ली इमारतीच्या वॉचमनकडे असते. "साहेब, रात्री कशाला आले?" या त्याच्या प्रश्नाचे समाधानकारक तांत्रिक उत्तर देता येत नाही.

हे सारे टाळण्यासाठी सर्व्हर 'क्लाउडवर' न्यावा असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. क्लाउड म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी इमारतीतील आभासी सर्व्हर भाड्याने घेणे. मायक्रोसॉफ्टचे पुण्यातील केंद्र २०१५ पासून आणि ॲमेझॉनचे मुंबईतील केंद्र २०१६ पासून ही सेवा देत आहेत. तेथील कन्सोल अधिक देखणा असतो आणि ब्राउझरमधून उघडतो. परंतु ॲमेझॉनच्या क्लाउडवरही यंत्राचा आकार बदलावयाचा झाल्यास आधी ते यंत्र थांबवावेच लागते, त्यामुळे ७, ११, १५ आणि २० या तारखा तेथेही कायम राहतात. व्हीएमवेअरच्या बाबतीत तर वेगळाच बदल घडला : नोव्हेंबर २०२३ मध्ये ती कंपनी ब्रॉडकॉमने विकत घेतली, पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवाने विकणे थांबवले गेले, आणि त्याकरिता कोणाचाही सर्व्हर बंद करावा लागला नाही.

आता नावांविषयी. नवे यंत्र निर्माण करताना नाव न सुचवल्यास हायपर-व्ही त्याला 'नवे आभासी यंत्र' अशा अर्थाचे नाव स्वतःहून देतो, आणि सात-आठ वर्षे चाललेले यंत्रही त्याच नावाने कन्सोलवर नांदताना आढळते. नाव देण्याइतका उत्साह असेल तेथे 'टॅली नवीन', 'टॅली नवीन २', 'टेस्ट' आणि 'टेस्ट डिलीट करू नये' अशी परंपरा दिसते. यांपैकी प्रत्यक्ष काम 'टेस्ट' या यंत्रावर चालू असते, हा अनुभवाचा निष्कर्ष होय. कन्सोलमधून नाव बदलले तरी ते केवळ यादीतले लेबल असते, यंत्राच्या आतील संगणकाचे नाव आणि डिस्कच्या फायलीचे नाव जुनेच राहते. शहराचे अधिकृत नाव २०२३ मध्ये बदलले, लेटरहेड आणि पाट्या बदलल्या, पण त्यापूर्वी बसवलेल्या सर्व्हरच्या नावांत औरंगाबादची आद्याक्षरे आहेत ती तशीच आहेत, कारण ती बदलल्यास प्रिंटर सापडणार नाही अशी सार्वत्रिक भीती आहे. यंत्र यादीतून काढून टाकले तरी त्याच्या डिस्कची फाईल मागे राहतेच. अशा मालक नसलेल्या फायली डिस्कची निम्मी जागा अडवून बसतात, आणि त्या कशाच्या आहेत हे ठाऊक असलेला माणूस नोकरी सोडून पुण्याला गेलेला असतो.

या सर्व गोंधळावर उपाय म्हणून हायपर-व्हीच्या रचनाकारांनी नावाच्या नोंदीतच 'टिपणे' या शीर्षकाचा एक रिकामा चौकोन ठेवलेला आहे. त्यात यंत्राविषयी हवा तो मजकूर लिहिता येतो. यंत्र चालू असतानाही तो राखाडी होत नाही. सेटिंगच्या संपूर्ण खिडकीत ज्याला कोणाचीही परवानगी, कोणताही मुहूर्त आणि कोणतीही हाक लागत नाही असा हा बहुधा एकमेव रकाना, आणि नेमका तोच बहुतेक कार्यालयांत कोरा असतो. ज्या वाचकांच्या जिन्याखाली असा सर्व्हर असेल त्यांनी पुढच्या वेळी सर्व्हरवाला 'बघायला' येईल तेव्हा त्याला चहा द्यावा आणि त्याच्याकडून त्या चौकोनात चार ओळी लिहून घ्याव्यात : हे यंत्र कशासाठी आहे, कोणी बसवले, याच्या आधी कोणते यंत्र सुरू व्हावे लागते, आणि हे बंद पडल्यास फोन कोणाला करावा. विंडोज ७ च्या यंत्रापासून सुरुवात करावी, कारण त्याच्यावरचे सॉफ्टवेअर लिहून देणाऱ्याचा फोन लागत नसला, तरी त्या यंत्राविषयी माहिती असलेला माणूस अजून फोन उचलतो.